अल्ब्युमिनची बाटली: सिरॉसिसमधल्या एका उपचाराचं प्रकरण

लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण पोटात पाणी होऊन वॉर्डात दाखल झाला, की बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच नातेवाइकांच्या हातात एक चिठ्ठी येते. वीस टक्के ह्यूमन अल्ब्युमिन (माणसाच्या रक्तातून काढलेलं एक प्रथिन), १०० मिली, अमुक इतक्या बाटल्या. एका बाटलीला काही हजार रुपये पडतात. रक्ताच्या रिपोर्टवर अल्ब्युमिनसमोर २.१ किंवा २.४ असा आकडा असतो आणि शेजारी ३.५ ते ५ ही नेहमीची मर्यादा छापलेली असते. घरच्यांना हिशेब सरळ वाटतो: कमी पडलंय, भरून काढायचं. अनेक डॉक्टरांनाही तो वर्षानुवर्षं असाच सरळ वाटत आला.

संशोधनाने मात्र या सरळ हिशेबाला पुन्हा पुन्हा नकार दिला आहे. याच बाटलीने एका परिस्थितीत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशावर आणलं. दुसऱ्या परिस्थितीत तिने काहीच केलं नाही. तिसऱ्या परिस्थितीत तिने फुप्फुसांत पाणी भरवलं आणि काही रुग्ण त्यात दगावले. सिरॉसिसच्या गुंतागुंती आणि त्यांचे परिणाम समजून घ्यायला मला यापेक्षा बोलकं प्रकरण दिसत नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रिपोर्टवरचा आकडा वाढवायला दिलेलं अल्ब्युमिन आणि कोलमडत चाललेलं रक्ताभिसरण सावरायला दिलेलं अल्ब्युमिन हे दोन वेगळे उपचार आहेत. बाटली एकच असल्यामुळे त्यांची गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत रुग्ण मोजतो.

आकडा कमी का होतो

अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतात बनतं. निरोगी यकृत दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम बनवतं आणि एकदा बनलेलं अल्ब्युमिन काही आठवडे रक्तात टिकतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवण्याचं बरंचसं काम ते करतं. शिवाय बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य), अनेक औषधं, जीवाणूंची विषं यांना ते चिकटतं आणि वाहून नेतं. सिरॉसिसमध्ये ते कमी बनतं, आणि जे बनतं त्यातला मोठा हिस्साही बिघडलेला असतो, म्हणजे चिकटण्याचं आणि वाहून नेण्याचं काम नीट करू शकत नाही. त्यामुळे रिपोर्टवरच्या २.४ मधलं कामाचं अल्ब्युमिन त्याहूनही कमी असतं.

तरीही पोटात पाणी होण्याचं मूळ कारण अल्ब्युमिनची कमतरता हे नव्हे. यकृत कडक आणि गाठीगाठींचं झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. त्याला प्रतिसाद म्हणून आतड्यांकडच्या धमन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं त्यांना सैल करतात. शरीरातलं बरंचसं रक्त त्या सैल भागात साचून राहतं. धरण भरलेलं असूनही कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, तशी मूत्रपिंडांची अवस्था होते. अंगात पाणी भरपूर, पण मूत्रपिंडाच्या दाराशी दाब नाही. मग मूत्रपिंड दुष्काळ पडल्यासारखं वागतं. मीठ आणि पाणी धरून ठेवतं, स्वतःच्या रक्तवाहिन्या आवळतं. पोट फुगतं, पाय सुजतात, आणि ही ओढाताण हाताबाहेर गेली की लघवी कमी होऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम किती बिघडलंय हे दाखवणारा रक्तातला आकडा) चढू लागतं. याला हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. इथे मूत्रपिंडाची रचना फारशी बिघडलेली नसते. त्याला रक्तच पुरत नाही.

पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी होणं, भ्रम होणं यांपैकी काहीही घडलं की रुग्ण 'डिकॉम्पेन्सेटेड' अवस्थेत गेला असं धरतात. हा उंबरठा किती महत्त्वाचा आहे हे इटलीतल्या जेन्नारो द'अमिको यांच्या गटाने २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. उंबरठ्याअलीकडे असलेल्यांचं मध्यक आयुष्य बारा वर्षांहून जास्त होतं, पलीकडे गेलेल्यांचं साधारण दोन वर्षं. अल्ब्युमिनच्या सगळ्या चाचण्या या उंबरठ्यापलीकडच्या माणसांवर झालेल्या आहेत, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

पहिलं अपयश

माणसाच्या रक्तापासून अल्ब्युमिन वेगळं काढण्याची पद्धत हार्वर्डमध्ये एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवली. डिसेंबर १९४१ मधल्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यात भाजलेल्या सैनिकांना ते दिलं गेलं. युद्धानंतर लगेच ते सिरॉसिसच्या रुग्णांपर्यंत पोचलं, कारण विचार अगदी स्वाभाविक होता: यकृत जे बनवत नाही, ते बाहेरून द्या.

१९६२ मध्ये लंडनमध्ये विल्किन्सन आणि शीला शेरलॉक यांनी पोटात पाणी झालेल्या मोजक्या रुग्णांना अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. रक्तातला आकडा वाढला. आयुष्य वाढलं नाही. शेरलॉक या यकृतविज्ञानाच्या उभारणीतलं फार मोठं नाव, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाला वजन होतं. कमतरता भरून काढण्याची कल्पना तिथे मागे पडली आणि दोन-अडीच दशकं अल्ब्युमिनकडे महाग आणि निरुपयोगी म्हणूनच पाहिलं गेलं.

बार्सिलोना

पुढचं वळण बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमध्ये आलं. तिथल्या विसेंते अर्रोयो, पेरे जिनेस आणि होआन रोडेस यांच्या गटाने प्रश्नच बदलला. त्यांना आकड्यात रस नव्हता. त्यांना रक्ताभिसरण कोणत्या क्षणी कोसळतं हे पाहायचं होतं.

असा एक क्षण म्हणजे पोटातून सुईने एकदम खूप पाणी काढणं. पाच-सहा लिटर पाणी निघालं की रुग्णाला तात्काळ बरं वाटतं, श्वास मोकळा होतो. पण पुढच्या काही दिवसांत धमन्या आणखी सैलावतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. १९८८ मध्ये या गटाने १०५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना पाणी काढल्यावर अल्ब्युमिन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. न दिलेल्यांमध्ये मूत्रपिंड बिघडणं आणि रक्तातलं सोडियम घसरणं स्पष्टपणे जास्त झालं. आज पाच लिटरहून जास्त पाणी काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावं हा जो जगभरचा नियम आहे, त्याची मुळं इथे आहेत. आठ लिटर काढले तर ४८ ते ६४ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या.

दुसरा क्षण जास्त घातक आहे. पोटातल्या पाण्यालाच जंतुसंसर्ग होतो, आतडं कुठे फुटलेलं नसताना. आतड्यातले जीवाणू भिंत ओलांडून पाण्यात शिरतात. याला स्पॉन्टेनिअस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस म्हणतात, वॉर्डात सगळे एसबीपी म्हणतात. निदान सोपं आहे. सुईने थोडं पाणी काढून त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मोजायच्या. एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा त्याहून जास्त असल्या की उपचार सुरू. पोट दुखत नसलं, ताप नसला, तरीही. म्हणूनच पोटात पाणी असलेला सिरॉसिसचा रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला तरी हे पाणी तपासायला हवं. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी तपासणी राहून जाते तेव्हा खरोखर वाईट वाटतं.

१९९०च्या दशकापर्यंत सेफोटॅक्झिमसारख्या अँटिबायोटिकने हा संसर्ग बरा होऊ लागला होता. तरीही माणसं मरत होती. जंतू गेलेले, आणि रुग्ण मूत्रपिंड बंद पडून गेलेला. अर्रोयो यांच्या गटाने याच विसंगतीवर बोट ठेवलं. संसर्गाने धमन्या आणखी सैल होतात, आधीच उपाशी असलेल्या मूत्रपिंडाचा उरलासुरला पुरवठाही तुटतो, आणि जंतू मरेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. मग त्या दोन-तीन दिवसांत रक्ताभिसरण सांभाळून धरलं तर?

ऑगस्ट १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये याचं उत्तर आलं. स्पेनमधल्या १२६ रुग्णांचे ६३-६३ चे दोन गट. दोन्हींना सेफोटॅक्झिम. एका गटाला जोडीला अल्ब्युमिन: निदान होताच वजनाच्या दर किलोला १.५ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम. संसर्ग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच बरा झाला, नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत. पण मूत्रपिंड बिघडण्याचं प्रमाण नुसत्या अँटिबायोटिकच्या गटात ३३ टक्के होतं, अल्ब्युमिनच्या गटात १० टक्के. रुग्णालयातले मृत्यू २९ टक्के विरुद्ध १० टक्के. तीन महिन्यांत ४१ विरुद्ध २२.

सिरॉसिसच्या औषधशास्त्रात इतका मोठा फरक क्वचितच दिसतो. सुमारे पाच रुग्णांना उपचार दिला की एक जीव जास्त वाचतो, असा त्याचा अर्थ. या चाचणीत उणिवा आहेत आणि त्या झाकू नयेत. डॉक्टरांना कोणाला काय मिळतंय हे माहीत होतं. दुसऱ्या गटाला अल्ब्युमिनऐवजी ठरवून दुसरं कोणतंही द्रव दिलं नव्हतं, त्यामुळे फायदा अल्ब्युमिनचा की नुसत्या द्रवाचा हा प्रश्न उरला. १.५ ग्रॅम हा डोस कमी-जास्त करून तपासलेला नव्हता. आणि फायदा मुख्यतः ज्यांचं बिलिरुबिन ४ च्या वर होतं किंवा मूत्रपिंड आधीच थोडं बिघडलेलं होतं अशा रुग्णांत दिसला. तरीही नंतरच्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिशा तीच निघाली, आणि एसबीपीमध्ये अल्ब्युमिन हा आज वादातीत उपचार मानला जातो. साठ किलोच्या रुग्णाला पहिल्या दिवशी ९० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ६० ग्रॅम. एकूण आठ बाटल्या. इथे उधार-उसनवार करून आणलेली बाटलीही वाया जात नाही, असं मी निःशंकपणे म्हणेन.

या यशानंतर साहजिकच पुढची उडी घेतली गेली. एसबीपीत उपयोग होतो तर न्यूमोनियात, लघवीच्या संसर्गात, त्वचेच्या संसर्गात का नाही? फ्रान्समध्ये तेव्हनो यांच्या गटाने हेच तपासलं आणि २०१५ मध्ये १९३ रुग्णांचे निकाल मांडले. जगण्यात फरक पडला नाही. अल्ब्युमिनच्या गटातल्या आठ जणांच्या फुप्फुसांत पाणी झालं आणि त्यातले दोघे गेले. डोस तोच होता, आजार तोच होता, फक्त संसर्गाची जागा वेगळी. सिरॉसिसमध्ये हृदयही बाधित असतं हे इथे आठवायला हवं. विश्रांतीत ते ठीक चालतं, पण अचानक भार पडला की कमी पडतं. वीस टक्क्यांची १०० मिलीची बाटली स्वतःच्या तीन-चार पट पाणी रक्तवाहिन्यांत ओढून आणते. अशा चार-पाच बाटल्या एका दिवसात गेल्या की त्या हृदयावर काय येत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

इटली आणि ब्रिटन

२०१८ आणि २०२१ या दोन वर्षांत दोन मोठ्या चाचण्या आल्या आणि त्यांनी परस्परविरुद्ध वाटणारी उत्तरं दिली. या प्रकरणाचा गाभा माझ्या दृष्टीने इथे आहे.

इटलीतल्या चाचणीचं नाव अॅन्सर. बोलोन्याचे पाओलो काराचेनी आणि माउरो बेर्नार्दी हे तिच्यामागचे मुख्य संशोधक, आणि पैसा इटलीच्या सरकारी औषध संस्थेचा. ३३ रुग्णालयांतले पोटात पाणी असलेले, पण तुलनेने स्थिर असे ४३१ रुग्ण. घरी राहणारे, लघवीच्या गोळ्या घेणारे, दर आठवड्याला रुग्णालयात येऊन बाटली लावून परत जाणारे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा ४० ग्रॅम, मग आठवड्यातून एकदा ४० ग्रॅम, अठरा महिन्यांपर्यंत. अठरा महिन्यांनी अल्ब्युमिन घेणाऱ्यांतले ७७ टक्के जिवंत होते, न घेणाऱ्यांतले ६६ टक्के. मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी कमी. पोटातलं पाणी काढण्याची गरज कमी झाली, एसबीपी कमी झाला, भ्रमाचे झटके कमी झाले, रुग्णालयातले दिवस कमी झाले.

ब्रिटनच्या चाचणीचं नाव अटायर. तिच्यामागे एक देखणी कल्पना होती. लंडनच्या अॅलिस्टर ओब्रायन यांच्या गटाने २०१४ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये दाखवलं होतं की सिरॉसिस बळावल्यावर रक्तात प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढतं आणि प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, आणि अल्ब्युमिन ते द्रव्य शोषून घेऊ शकतं. म्हणजे अल्ब्युमिन वाढवलं तर संसर्ग टळायला हवा. मग त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ३५ रुग्णालयांत ७७७ रुग्ण घेतले. सगळे तीव्र बिघाडाने नुकतेच दाखल झालेले, ज्यांचं अल्ब्युमिन ३ च्या खाली. बहुतेकांचा आजार दारूमुळे झालेला. एका गटाला रोज रक्त तपासून ३ चा आकडा गाठेपर्यंत आणि टिकवण्यासाठी अल्ब्युमिन दिलं, चौदा दिवस किंवा घरी जाईपर्यंत. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. पाणी काढणं किंवा एसबीपी यांसारख्या मान्य कारणांसाठी अल्ब्युमिन त्यांनाही मिळत होतं.

नवा संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी अल्ब्युमिनच्या गटात २९.७ टक्क्यांना झालं, दुसऱ्या गटात ३०.२ टक्क्यांना. फरक शून्याच्या जवळ. पहिल्या गटातल्या मधल्या रुग्णाला २०० ग्रॅम, म्हणजे दहा बाटल्या गेल्या होत्या. दुसऱ्या गटातल्याला २० ग्रॅम, म्हणजे एक. रक्तातला आकडा ठरल्याप्रमाणे वाढला. गंभीर दुष्परिणाम अल्ब्युमिनच्या गटात जास्त झाले, त्यात फुप्फुसांत पाणी होण्याचाही वाटा होता. आणि सहा महिन्यांत दोन्ही गटांतले जवळपास एक-तृतीयांश रुग्ण गेले.

या शेवटच्या वाक्याशी मला थोडं थांबावंसं वाटतं. ब्रिटनसारख्या देशात, सरकारी आरोग्यसेवेत, चाचणीतल्या काटेकोर देखरेखीखाली असलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या माणसांपैकी तिघांतला एक सहा महिन्यांत जातो. अनेक कर्करोगांइतकं हे भीषण आहे. तरीही 'लिव्हरला सूज आहे' एवढ्यावर घरच्यांशी होणारं बोलणं थांबतं. आकडा वाढवणाऱ्या बाटलीने या माणसांचं भवितव्य बदललं नाही, कारण ते बिघडवणारी गोष्ट वेगळी होती.

मग इटलीत फरक का पडला? दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात, असं मला वाटतं. इटलीतले रुग्ण उंबरठ्याच्या पलीकडे असले तरी अजून ढासळलेले नव्हते. त्यांना उपचार दीड वर्ष मिळाला, चौदा दिवस नव्हे. त्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन ४ च्या आसपास पोचलं. ब्रिटनने ३ वरच समाधान मानलं. ज्यांचं अल्ब्युमिन पहिल्या महिन्यानंतर ४ ला पोचलं होतं ते सर्वांत जास्त तगले, असं इटलीच्या आकडेवारीचं नंतर केलेलं विश्लेषण सांगतं. दीर्घकाळ, पुरेशा मात्रेत, स्थिर रुग्णाला दिलेलं अल्ब्युमिन त्याच्या धमन्यांचा ताण आणि रक्तातली जळजळ हळूहळू कमी करतं, अशी मांडणी इथून पुढे येते.

दुसरं स्पष्टीकरणही तितकंच गंभीरपणे घ्यायला हवं. इटलीतल्या चाचणीत अल्ब्युमिन घेणारा रुग्ण दर आठवड्याला डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली येत होता. वजन पाहिलं जात होतं, गोळ्यांचा डोस बदलला जात होता, ताप आला तर त्याच दिवशी कळत होतं. दुसऱ्या गटाला ही दर आठवड्याची भेट नव्हती. खोटी बाटली लावलेला गटही नव्हता. फायद्यातला किती भाग अल्ब्युमिनचा आणि किती त्या भेटीचा, हे या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही. स्पेनमधली माच्ट नावाची चाचणी, तीही २०१८ मधलीच, खोटं औषध वापरून केलेली होती. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णांना दर पंधरा दिवसांनी ४० ग्रॅम अल्ब्युमिन आणि मिडोड्रिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) दिलं, आणि गुंतागुंतींत किंवा जगण्यात फरक पडला नाही. पण तिथे मात्रा इटलीच्या निम्मी होती, आणि अनेकांना थोड्याच महिन्यांत प्रत्यारोपण मिळाल्यामुळे उपचार लवकर संपला. त्यामुळे तिचाही निकाल अंतिम धरता येत नाही.

साताऱ्यातून पुण्याला, दर आठवड्याला

इटलीचा उपचार आपल्याकडे उचलायचा म्हटलं तर काय होईल याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या दोन आठवड्यांत आठ बाटल्या. उरलेल्या ७६ आठवड्यांत दर आठवड्याला दोन, म्हणजे १५२. एकूण १६० बाटल्या. एक बाटली चार हजारांना धरली तरी ६ लाख ४० हजार रुपये. त्यात सातारा किंवा बीडसारख्या जिल्ह्यातल्या गावातून दर आठवड्याला मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडलेली मजुरी. इटलीत हा खर्च सरकारी व्यवस्थेने उचलला आणि रुग्णालयातले दिवस वाचल्यामुळे तो परवडतो असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे रुग्णालयातले दिवस वाचले तरी बाटलीचे पैसे बहुधा घरातूनच जातात.

त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की आपल्या बहुसंख्य रुग्णांसाठी दीर्घकाळ अल्ब्युमिन हा आज पहिला पर्याय नाही. ते सहा लाख नसताना करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याचा पुरावाही पक्का आहे. दारू पूर्ण बंद करणं. हेपॅटायटिस बी असेल तर रोजची गोळी, सी असेल तर काही महिन्यांत तो बरा करणारा कोर्स. पोर्टल दाब जास्त असेल पण अजून पाणी झालेलं नसेल, तर बीटा-ब्लॉकर, म्हणजे तो दाब कमी करणारी गोळी: स्पेनमधल्या प्रेडेस्सी चाचणीत (२०१९) २०१ रुग्णांपैकी ही साधी गोळी घेणाऱ्यांत उंबरठा ओलांडण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण १६ टक्के होतं, न घेणाऱ्यांत २७ टक्के. शिवाय जेवण. 'लिव्हरचा पेशंट आहे, डाळ-अंडी बंद' हा सल्ला अजून घरोघरी चालतो, आणि तो घातक आहे. सिरॉसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाणं लागतं, कारण रात्रभराच्या उपवासात त्याचं शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. अंड्याने रिपोर्टवरचं अल्ब्युमिन झपाट्याने चढेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. यकृतच ते बनवतं आणि यकृतच आजारी आहे. अंडं स्नायूंसाठी खायचं. भ्रमाचा त्रास असणाऱ्यांनाही प्रथिनं तोडण्याची गरज नसते. लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल एवढं पाहायचं.

आणि प्रत्यारोपणाबद्दल बोलणं लवकर सुरू करायचं. पोटात पहिल्यांदा पाणी झालं त्या भेटीतच. महाराष्ट्रात मृत दात्याचं यकृत मिळण्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) इथल्या विभागीय समन्वय केंद्रांच्या यादीत नाव लागावं लागतं, आणि त्याआधीच्या तपासण्यांना आठवडे जातात. मूत्रपिंड बंद पडल्यावर हा विषय पहिल्यांदा निघतो तेव्हा बहुतेकांच्या हातात तेवढा वेळच राहिलेला नसतो.

मूत्रपिंड बंद पडायला लागल्यावर

हेपॅटोरीनल सिंड्रोममध्ये अल्ब्युमिन टर्लिप्रेसिन या औषधाच्या जोडीला दिलं जातं. टर्लिप्रेसिन सैलावलेल्या धमन्या आवळतं, अल्ब्युमिन त्या भरतं. आपल्याकडे हे औषध बरीच वर्षं वापरात आहे. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच्या उत्तर अमेरिकेतल्या कन्फर्म चाचणीत ३०० रुग्ण होते. मूत्रपिंड पूर्ववत होण्याचं प्रमाण टर्लिप्रेसिनच्या गटात ३२ टक्के, दुसऱ्या गटात १७. यश म्हणायला हवं. पण ९० दिवसांतले मृत्यू टर्लिप्रेसिनच्या गटात ५१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४५. श्वसनाच्या बिघाडाने झालेले मृत्यू ११ टक्के विरुद्ध २ टक्के. दोन्ही गटांना अल्ब्युमिन मिळालं होतं, अनेकांना चाचणीत येण्याआधीच भरपूर. भरलेल्या रक्तवाहिन्या आणि त्यावर त्या आवळणारं औषध, असा हा संयोग फुप्फुसांना झेपला नाही, असा अर्थ बहुतेक तज्ज्ञांनी लावला. त्या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर श्वसनाबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा यामुळेच आला.

दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेसमधून आलेल्या अॅल्प्स या चाचणीचं बोलणंही याच दिशेचं आहे, आणि ती आपल्याकडच्या रुग्णांवरची असल्यामुळे मला जास्त मोलाची वाटते. सिरॉसिस आणि संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या १०० रुग्णांना २० टक्के अल्ब्युमिन किंवा साधं क्षारयुक्त द्रव दिलं. अल्ब्युमिनने रक्तदाब लवकर सावरला. फुप्फुसांच्या तक्रारीही त्याच गटात जास्त झाल्या, आणि महिन्याभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही.

या सगळ्याचा परिणाम नियमांवर होऊ लागला आहे. सिरॉसिसच्या रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलं की दोन दिवस, दर किलोला एक ग्रॅम, जास्तीत जास्त दिवसाला १०० ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचंच आणि तरीही सुधारणा नसेल तरच हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणायचं, असा दंडक अनेक वर्षं होता. म्हणजे निदान होण्याआधीच दहापर्यंत बाटल्या. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी मिळून नवी व्याख्या मांडली, त्यात ही दोन दिवसांची सक्ती काढून टाकली. आता रुग्णाच्या अंगात द्रव कमी आहे की जास्त हे आधी पाहायचं: जीभ, गळ्याच्या शिरा, छातीतली खरखर, ऑक्सिजन, शक्य असेल तिथे खाटेजवळची सोनोग्राफी. कोरडा असेल तर द्रव द्यायचं, आणि २४ तासांत पुन्हा पाहायचं. भरलेला असेल तर बाटली लावायचीच नाही, रिपोर्टवर अल्ब्युमिन १.९ असलं तरी.